पाळीआधीचे आठ दिवस : विटाळ नको, वेडाचा शिक्काही नको

आपल्या दैनिकाच्या या पानावर आरक्षण, गायरान जमिनी, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले आणि रिपब्लिकन ऐक्य यांवर लिहिले जाते. त्याच पानावर स्त्रियांच्या मासिक पाळीबद्दल, त्यातही पाळी येण्याआधीच्या सात-आठ दिवसांतल्या चिडचिडीबद्दल, रडू येण्याबद्दल आणि अंगदुखीबद्दल लिहायचे म्हटले तर काही बांधव नाक मुरडतील. हा बायकांचा घरातला विषय, त्याचा चळवळीशी काय संबंध, असे विचारतील. त्यांना १९३४ सालची आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता. गुन्हा काय, तर वाचकांनी शरीराविषयी आणि कामजीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी शास्त्रीय उत्तरे छापली. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर म्हणजे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे कराराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती, काळाराम मंदिराचा सत्याग्रह संपलेला नव्हता. एवढा मोठा लढा अंगावर असताना बाबासाहेबांना हा विषय क्षुल्लक वाटला नाही. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. परंतु शरीराबद्दल विचारणे आणि सांगणे ही विकृती नव्हे, ही बाबासाहेबांची भूमिका काही हरली नाही.

माझे काम ज्या मुळशी तालुक्यात चालते तो तालुका आता एक राहिलेला नाही, दोन झाले आहेत. एका बाजूला हिंजवडी-माणचे संगणक उद्योग आणि पिरंगुट-घोटावड्याकडचे कारखाने, तर दुसऱ्या बाजूला धरणापलीकडे ताम्हिणीपर्यंतचा भातखाचरांचा, मुसळधार पावसाचा डोंगरपट्टा. आपल्या वस्त्यांतल्या स्त्रिया दोन्हीकडे राबतात. आषाढात आवणीला गुडघाभर चिखलात वाकतात आणि एरवी पहाटे भरलेल्या जीपने कंपनीत साफसफाईला नाहीतर पॅकिंगला जातात, तेही ठेकेदाराच्या हाताखाली. बचत गटांच्या बैठकांत कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, सातबाऱ्यावरचे नाव, वारसा हक्क हे विषय होतात. बैठक संपून चहा आला की मग खरे बोलणे सुरू होते. एखादी हळूच सांगते की महिन्यातले आठ दिवस आपण आपल्या ताब्यात नसतो. पोर मध्ये आले तरी हात उचलला जातो, आणि मग रात्रभर रडू येते. एक बोलली की सगळ्याच बोलू लागतात. वयाची चाळिशी आली तरी या त्रासाला काही नाव आहे हे त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नसते.

नाव आहे. डॉक्टर त्याला प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात पीएमएस. १९३१ साली अमेरिकेत रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या या ताणाविषयी प्रथम लिहिले. १९५३ साली इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी आज रूढ असलेले नाव दिले. छाती जड होणे, पोट फुगणे, पाय ओढणे, डोके ठणकणे, झोप न लागणे, गोड खावेसे वाटणे ही शरीराची लक्षणे. राग, धसका, रडू, कशातच मन न लागणे, आपण कुणालाच नको आहोत असे वाटणे ही मनाची. या सगळ्याची खूण एकच, ती म्हणजे तारीख. पाळीच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत हे सुरू होते आणि पाळी आली की एक-दोन दिवसांत उतरते. महिनाभर जे दुखते, खुपते, ते पीएमएस नव्हे. ते रक्त कमी असल्याने असेल, थायरॉईडमुळे असेल, नैराश्य असेल किंवा नवऱ्याची दारू असेल.

हे होते कशामुळे? अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते आणि पाळी जवळ आली की झपाट्याने उतरते. हा चढउतार प्रत्येक स्त्रीत होतो. ज्यांना फार त्रास होतो त्यांच्या रक्तातले संप्रेरकांचे प्रमाण इतर स्त्रियांसारखेच असते, असे तपासण्यांत दिसून आले आहे. फरक असतो तो मेंदूच्या संवेदनशीलतेत. त्याच चढउताराचा त्यांच्या मेंदूवर जास्त परिणाम होतो. म्हणून ‘तुझे हार्मोन बिघडलेत’ असे जे सरसकट ऐकवले जाते ते चुकीचे आहे. काही बिघडलेले नसते. कुणाला धूळ सोसत नाही तसे कुणाला हा उतार सोसत नाही. यात देवाचा कोप नाही की बाहेरची बाधा नाही. अंगात आले म्हणून बाईला देवऋषाकडे नेऊन झोडपणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता कोर्टाकडे वळते, कारण या आठ दिवसांचा सगळ्यात वाईट उपयोग मी तिथे पाहिला आहे. घटस्फोटाच्या काही अर्जांतली भाषा ठरलेली असते. जाबदार पत्नीच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे, ती भांडी आपटते, विनाकारण रडते, अर्जदाराच्या आईस उलट बोलते, सबब तिच्याबरोबर नांदणे अशक्य आहे. तारखा मागितल्या तर महिन्यातले ठरावीक आठ दिवस निघतात. उरलेले बावीस दिवस ही ‘वेडी’ बाई पाणी भरते, डबा करते, कंपनीत जाते आणि पगार आणून नवऱ्याच्या हातावर ठेवते, त्याचा अर्जात एका ओळीनेही उल्लेख नसतो. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे आणि त्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु रामनारायण गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवले आहे की नुसता आजाराचा शिक्का पुरेसा नाही, तो विकार सोबत राहणे अशक्य व्हावे इतक्या तीव्रतेचा असला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही बजावले आहे की, समाजाच्या नीतिनियमांत एखादी व्यक्ती बसत नाही एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. सासूला उलट उत्तर देणे हा कोणत्याही वैद्यकशास्त्रात आजार नाही.

याच नाण्याला दुसरी बाजूही आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ साली एका स्त्रीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. घटना १९८१ ची होती. तिने मुलांना विहिरीत ढकलले होते आणि त्यांतले एक दगावले. पाळीपूर्वीच्या तीव्र विकारामुळे ती भानावर नव्हती, या बचावाचा डॉक्टरांच्या साक्षींवरून तिला संशयाचा फायदा मिळाला. त्या एका प्रकरणात ते योग्यच असेल. मात्र त्यावरून ‘बाई म्हणजे महिन्यातले आठ दिवस बेभरवशाची’ असा निष्कर्ष कुणी काढू लागला तर नोकरी, नेतृत्व, मुलांचा ताबा, सगळेच तिच्या हातून जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या आजारसूचीत या त्रासाचा तीव्र प्रकार मुख्यतः स्त्रीरोगांच्या यादीत घातला, वेडाच्या यादीत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वकील मित्रांनी ते टिपून ठेवावे.

स्त्रीच्या या दिवसांना घाणीचा आणि खुळेपणाचा वास कुणी चिकटवला, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. तरी एक गोष्ट सांगते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, कुणाला शिवल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे याची यादी आहे. त्या यादीत चांडाळ आहे आणि त्याच्या लगेच शेजारी रजस्वला स्त्री आहे. पुढे बाळंतीण आहे, प्रेत आहे. म्हणजे आपल्या बापजाद्यांना ज्या ओळीने गावकुसाबाहेर ठेवले त्याच ओळीने प्रत्येक जातीच्या स्त्रीला महिन्यातले चार दिवस घराच्या कोपऱ्यात बसवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला त्यात ही ओळही जळाली, असे मी समजते. सर्वोच्च न्यायालयात या नात्याचा उच्चार व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. शबरीमला प्रकरणी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे ही संविधानाच्या कलम १७ ने बंद केलेली अस्पृश्यताच होय, असे म्हटले. हे पाच जणांच्या पीठातले एका न्यायमूर्तींचे मत होते आणि २०१९ साली त्या निकालातले काही प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. तेव्हा त्याला पक्का कायदा म्हणण्याची घाई मी करणार नाही. परंतु बाबासाहेबांच्या कलम १७ चा अर्थ किती खोल जातो हे त्यातून दिसते.

आणि आपल्या घरांचे काय? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला वेगळे ताट देणाऱ्या आज्या आहेत. पौर्णिमेच्या वंदनेला ‘आज जमत नाही’ म्हणून दाराबाहेर थांबणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. कुणी त्यांना अडवलेले नसते, त्या स्वतःच थांबतात. काही जणी विहारातल्या कार्यक्रमासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून आणतात. देव्हारा गेला आणि विटाळ राहिला, अशी ही गत आहे. ज्या घरात पाळीबद्दल बोलता येत नाही त्या घरात पाळीआधीच्या रागाबद्दल कोण बोलणार? म्हणून पहिला उपाय बोलणे हाच. तथागतांनी अखेरच्या काळात आनंदाला स्वतःच्या आधाराने उभे राहायला सांगितले. पण स्वतःचा आधार घ्यायचा तर आधी स्वतःला पाहावे लागते.

ते पाहणे कसे करायचे? आमच्या एका गटात बायकांनी त्याची सोपी तोड काढली. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिकल्या चिकटवायच्या. राग अनावर झाला त्या दिवशी लाल, रडू आले त्या दिवशी काळी, अंग दुखले त्या दिवशी हिरवी. पाळी आली त्या तारखेला पेनाने गोल करायचा. लिहिता न येणाऱ्या मावशीलाही हे जमते आणि घरात कुणाला विचारावे लागत नाही. डॉक्टरही निदान करताना निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात, कारण आठवणीवर विसंबले की चूक होते. दोन महिन्यांनी पाहिले तर काहींच्या टिकल्या गोलाच्या आधी दाटीने बसलेल्या दिसल्या. काहींच्या महिनाभर विखुरलेल्या होत्या. एकीच्या सगळ्या लाल टिकल्या शनिवारी पडल्या होत्या. तो तिच्या नवऱ्याच्या पगाराचा आणि पिण्याचा वार होता.

या शनिवारच्या टिकल्यांपाशी मला जरा थांबायचे आहे. पाळीआधीच्या रागावर शहरी मासिकांतून जे सल्ले दिले जातात त्यांत एक गृहीत धरलेले असते की राग खोटा आहे, तो संप्रेरकांचा आहे, तो शांत केला की झाले. मला हे मान्य नाही. या आठ दिवसांत मन सोललेले असते हे खरे. पण सोललेल्या मनाला जे झोंबते ते मीठ खरेच असू शकते. महिनाभर गिळलेला अपमान त्या दिवसांत गळ्याशी येतो. पाटीभर भांडी एकटीने घासायची, कमावून आणायचे आणि वर बोलणी खायची, याचा राग येऊ नये तर काय यावे? घरातले मात्र सोयीने म्हणतात, तिचे दिवस जवळ आले असतील. म्हणजे अन्यायाची तक्रारही पाळीच्या खाती जमा. म्हणून गटात आम्ही एक रीत ठरवली. त्या दिवसांत ज्या गोष्टीचा संताप आला ती कागदावर उतरवायची, नाहीतर विश्वासाच्या मैत्रिणीला सांगून ठेवायची. त्या दिवशी भांडण तोडायला जायचे नाही, कर्जाच्या कागदावर सही करायची नाही, नोकरी सोडायची नाही. पाळी होऊन चार-पाच दिवस गेले की तो कागद पुन्हा पाहायचा. ‘भाजीत मीठ जास्त झाल्याचे त्याने बोलून दाखवले’ असे असेल तर आपल्यालाच हसू येते. ‘माझ्या पगाराचे पैसे दिराच्या गाडीला दिले’ असे असेल आणि दहा दिवसांनीही ते तितकेच खुपत असेल, तर तो पाळीचा राग नव्हे. त्याच्यावर शांत डोक्याने बोलायचे, आणि गरज पडली तर माझ्याकडे यायचे.

आता खाण्यापिण्याचे. इथे आपल्या लोकांना बाजारातून काही विकत आणायला नको. कॅल्शियमचा या त्रासाशी संबंध आहे, हे बऱ्यापैकी सिद्ध झालेले आहे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत जवळजवळ निम्म्याने उतरला. गंमत अशी की ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती त्यांचाही सुमारे तीस टक्क्यांनी उतरला. कुणीतरी रोज आपली विचारपूस करते, आपण नोंद ठेवतो, याचाही गुण येत असावा असे मला वाटते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, भातात नावालाही नसते. मुळशीच्या डोंगरपट्ट्यात नाचणी पिकत आली आहे, पण ती गरिबाची म्हणून ताटातून गेली आणि रेशनचा तांदूळ आला. ती आता शहरातल्या दुकानांत चढ्या भावाने बसली आहे. नाचणीची भाकरी, आंबील, तीळ, हिरवा पाला आणि काट्यासकट खाल्लेली सुकी मासळी, हे सगळे आपल्या आयांचे जेवण होते. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पोट फुगत असेल तर त्या आठवड्यात लोणचे, पापड, खारावलेले पदार्थ बेताने खावेत. चहा रिकाम्या पोटी चार-चार वेळा घेतल्याने झोप आणखी उडते. आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खायची रीत या आठ दिवसांत तरी मोडावी. उपाशी पोटी राग वाढतो, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही.

व्यायामाचा सल्ला देताना मात्र माझी एकदा चांगलीच फजिती झाली. रोज अर्धा तास चालल्याने मन हलके होते, हे पुस्तकातले वाक्य मी बैठकीत सांगितले. त्यावर एका आक्कांनी विचारले की, दिवसभर चिखलात वाकून झाल्यावर चालायला कुठे जायचे ते सांगा. ते पुस्तक खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईसाठी लिहिलेले असते. हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या लेकीने जरूर चालावे. पण आवणीला जाणारीला आणि आठ तास उभे राहून पॅकिंग करणारीला उपाय सांगायचा तर तो विश्रांतीचाच आहे. आणि विश्रांती एकटीच्या मनावर नसते, ती मालकाच्या हाती असते. उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला बसायची सोय द्यावी आणि काम न थांबता बसता येईल तेव्हा बसू द्यावे, असे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ सांगत आले. त्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२० च्या संहितेतही बसण्याच्या सोयीची तरतूद आहे. किती कंपन्यांत ती खुर्ची आहे, हे भगिनींनी आपापल्या ठिकाणी पाहावे. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या रसायन कारखान्याला आग लागून जे कामगार होरपळून मेले त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. जिथे जिवाचीच ही किंमत, तिथे पाळीआधीच्या अंगदुखीला कोण विचारतो? पण म्हणूनच विचारायला हवे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतीकाळाच्या सवलतीच्या विधेयकाची बाजू घेतली तेव्हाही मालकांना खर्चाचीच चिंता होती. बिहारमध्ये सरकारी स्त्री कर्मचाऱ्यांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची खास रजा आहे. ती आपल्याकडेही मिळावी या मागणीला माझा पाठिंबा आहे. फक्त ती ठेकेदाराच्या बाईपर्यंत पोचेल अशी असावी, नाहीतर रजा साहेबीणबाईंना आणि त्यांचे जास्तीचे काम हिच्या डोक्यावर, असे व्हायचे.

ध्यानाबद्दल आपल्या वाचकांना वेगळे सांगणे नको. सतिपट्ठानात शरीराची आणि वेदनेची अनुपश्यना सांगितली आहे. वेदना उठते, टिकते, जाते, तिला ढकलायचे नाही आणि तिच्यामागे धावायचेही नाही. पाळीआधीच्या रागाला हे तंतोतंत लागू पडते, कारण तो राग खरोखरच तारखेने येतो आणि तारखेने जातो. पोरावर हात उचलण्याआधी दहा श्वास नाकापाशी पाहायचे, एवढे जमले तरी पुष्कळ. झोपताना पोटाला गरम पाण्याची पिशवी आणि पंधरा मिनिटे श्वासावर लक्ष, याने आपल्याला झोप लागू लागली असे सांगणाऱ्या भगिनी आहेत. परंतु ध्यानाच्या नावाने कुणी बाईला ‘सहन कर, समता ठेव’ असे शिकवू नये. धम्मात दुःख ओळखायला सांगितले आहे आणि त्याचे कारण दूर करायलाही सांगितले आहे.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी आपल्याकडे चॉकलेटसारखी खाल्ली जाते. २०२३ साली भारतीय औषधकोश आयोगाने तिच्याविषयी सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित पण गंभीर अशी अ‍ॅलर्जी तिच्याने येऊ शकते. डॉक्टरांना विचारून घ्यावी. पाळी पुढे ढकलायच्या गोळीचेही तेच.

सगळ्यात मोठा धोका ‘पिशवी काढून टाक’ या सल्ल्याचा आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीच नको, हा त्यामागचा हिशेब. ऊसतोडीला जाणाऱ्यांत आपला समाज किती आहे ते बीड-जालन्याचे वाचक जाणतात. मुळशी ऊसतोड मजुरांचा तालुका म्हणून ओळखला जात नाही, पण ‘कटकट गेली एकदाची’ म्हणून पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका मला इथेही भेटतात. त्यांना कुणी सांगितलेले नसते की पाळीआधीचा त्रास अंडाशयाच्या चक्राशी बांधलेला आहे. गर्भाशय काढून अंडाशय ठेवले तर रक्त जाणे थांबते, पण दर महिन्याचा राग आणि रडू चालूच राहू शकते. फक्त आता तारीख कळायची सोय उरत नाही. आणि दोन्ही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. कॅन्सर, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव अशी कारणे असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हाही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि कागद समजल्याशिवाय अंगठा उठवू नये.

घरातल्या पुरुषांना या आठ दिवसांत एवढेच करायचे आहे की भांडी घासावीत, पोरांना घेऊन बाहेर जावे आणि ‘दिवस जवळ आले वाटतं’ हे वाक्य तोंडातून काढू नये.

स्वतःच्या उपायांची मर्यादाही ओळखली पाहिजे. थोड्या जणींना हा त्रास फार तीव्र होतो. जगण्यात अर्थ वाटत नाही, विहिरीकडे पाय वळतात, पोराला काही करून बसू अशी भीती वाटते. याला पीएमडीडी म्हणतात आणि २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकन सूचीतही त्याला स्वतंत्र स्थान आहे. इथे नाचणी आणि श्वास पुरत नाही. त्यावर औषधे आहेत. काही गोळ्या तर महिन्यातले शेवटचे चौदा दिवसच घ्याव्या लागतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ती घेणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की फुकट आणि मराठीत बोलता येते, रात्रीही. गावातल्या आशाताईला सांगितले तर तीही दवाखान्याची वाट दाखवते. जाताना ती टिकल्यांची दिनदर्शिका सोबत न्यावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तारखांचाच विचारतात. आणि अशा अवस्थेत बाईला एकटीला पाठवू नये, गटातली एकजण तिच्याबरोबर असावी. जीपचे भाडे गटाच्या शिलकीतून द्यावे.